आडनावांची साक्ष आणि नात्यांचे शब्द

रक्तसंबंधी विवाहांचा संततीच्या प्रकृतीवर होणारा परिणाम मोजण्याचा एक जुना प्रयत्न भाषाभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे. जनगणनेत यासंबंधी प्रश्न घालावा, ही जॉन लबक यांची सूचना ब्रिटिश पार्लमेंटने १८७० मध्ये फेटाळली. त्यानंतर जॉर्ज डार्विन यांनी १८७५ मध्ये निराळा मार्ग काढला. वधूवरांचे आडनाव एकच असलेले विवाह त्यांनी मोजले व त्यांवरून भावंडांतील एकूण विवाहांचा अंदाज बांधला. वेड्यांच्या इस्पितळांतील प्रमाणाशी तो ताडून पाहता अपाय अल्प दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

‘कझिन’ या एका इंग्रजी शब्दात आपली चुलत, आते, मामे व मावस ही चारही नाती बुडून जातात. आडनाव जुळते ते साधारणतः चुलत भावंडांचेच. उरलेल्यांसाठी जॉर्ज यांना गुणोत्तराचा आधार घ्यावा लागला. मौज अशी की, त्यांचे स्वतःचे मातापिता आडनावांनी सापडले नसते! चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये एमा वेजवुड या आपल्या मामेबहिणीशीच विवाह केला होता. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच दगावली. परंतु त्या काळच्या बालमृत्यूंचे प्रमाण पाहता यावरून काही सिद्ध होत नाही.

खरा कार्यकारणभाव १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांच्या अल्काप्टोन्यूरियावरील निबंधाने उजेडात आला. या दुर्मिळ विकाराच्या रुग्णांचे मातापिता पुष्कळदा परस्परांची भावंडे असत. सुप्त दोष दोन्हीकडून आला, तरच तो प्रकट होतो. चारही नात्यांत अपत्याचा अंतःप्रजनन-गुणांक १/१६ च येतो. मामा-भाचीच्या विवाहात तो १/८ होतो. जन्मजात विकारांचा धोका सामान्यतः सुमारे तीन टक्के. सख्ख्या भावाबहिणींच्या मुलांमुलींच्या विवाहात तो अदमासे दुप्पट होतो. म्हणजे बहुसंख्य अपत्ये निरोगीच निपजतात, ही गोष्टही विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील हिंदू समाजात आडनावांची ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरेल. येथे चुलत नाते सगोत्र म्हणून वर्ज्य, तर मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत मान्य. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीला अपवाद ठेवला आहे. मग साक्ष शब्दांचीच काढावी लागते. सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याचा प्रघात या चालीशी नेमका जुळतो. सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणे मात्र जुळत नाही. त्यातून आतेबहिणीशी विवाह सूचित होतो, आणि तो तर येथे बहुधा निषिद्ध मानला गेला. तेव्हा ‘मामंजी’ हा केवळ आदरार्थी विस्तार की एखाद्या लुप्त रूढीचा अवशेष, हे ठरविण्यापूर्वी या शब्दाचा जातवार व प्रदेशवार प्रसार तपासावा लागेल.