प्रयोगासाठीं दिलेली ग्रँट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांतील खाजगी शाळांना सरकारी ग्रँट मिळे ती बहुधा परीक्षेच्या निकालावर. डेप्युटीसाहेब शाळेंत येत, एकेका मुलास पुढें बोलावून वाचावयास लावीत, हिशेब घालीत, आणि जितकीं मुलें कसोटीस उतरत तितक्या मानानें शाळेच्या पदरांत पैसा पडे. इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं या पद्धतीस हरकत घेतली होती. ज्या समाजास विद्येची गोडीच अद्याप लागलेली नाहीं, त्याच्या मुलांना शिकवून निकालाच्या पैशांवर पोट भरणें कोणत्याही शिक्षकास साधावयाचें नाहीं, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य होतें. निकालावर ग्रँट देणारें सरकार मनाशीं असें धरून चालतें कीं, शिकवावें कसें हें शिक्षकाला ठाऊक आहे, तो कुचराई करतो इतकेंच. पण गरिबांच्या मुलांना शिकवावें कसें हेंच कोणाला नक्की ठाऊक नसेल तर? मग ग्रँट निकालासाठीं न देतां शोधासाठीं द्यावी लागेल. असा एक मोठा शोध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी पैशानें झाला. त्याची हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आली असेल, म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत शाळा म्हणजे त्या त्या गांवाची आणि त्या त्या संस्थानाची बाब. वॉशिंग्टनचें मध्यवर्ती सरकार तींत फारसें हात घालीत नसे. ही रीत मोडली ती अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं. हे गृहस्थ तरुणपणीं टेक्सासमधील कोटुला या गांवीं मेक्सिकन मजुरांच्या मुलांचे मास्तर होते. ता. ११ एप्रिल १९६५ रोजीं गरीब वस्तींतील शाळांना एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देणारा कायदा त्यांनीं सहीनिशी मंजूर केला, तो स्वतःच्या बालपणच्या एकखणी शाळेशीं जाऊन, आपल्या पहिल्या गुरुबाईंना शेजारीं बसवून. कायद्याची चर्चा चालू असतां सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनीं एक अट आग्रहानें घालविली : या पैशानें मुलांचें कांहीं हित झालें कीं नाहीं याची मोजदाद झाली पाहिजे, आणि ती आईबापांस पाहावयास मिळाली पाहिजे. अट साधी दिसते. परंतु पैसा वांटणारांस ती नेहमींच अडचणीची वाटते.

त्याच वर्षीं शाळेंत जाण्यापूर्वींच्या गरीब मुलांसाठीं 'हेड स्टार्ट' नांवाची योजना निघाली आणि पहिल्याच उन्हाळ्यांत पांच लाखांहून अधिक मुलें तींत आलीं. परंतु वर्ष दोन वर्षांतच असें आढळूं लागलें कीं, या मुलांनीं जें कमावलें तें प्राथमिक शाळेंत गेल्यावर हळूहळू ओसरतें. तेव्हां पुढील तीन-चार वर्षें त्यांच्या पाठीशीं उभें राहावें अशी दुसरी योजना ठरली. तिचें नांव 'फॉलो थ्रू', म्हणजे हातीं घेतलेलें काम तडीस नेणें. इ. स. १९६७ मध्यें तिच्यासाठीं बारा कोटी डॉलर मागितले होते. व्हिएतनामचें युद्ध ऐन भरांत होतें; काँग्रेसनें हातावर ठेवले दीड कोटी!

आतां एवढ्याशा पैशांत देशभर मुलांना दूध, औषधपाणी आणि शिक्षण कसें पुरवावें? अधिकाऱ्यांनीं तोड काढली. सर्वांना मदत देणें शक्य नाहीं, तर निदान कोणती मदत उपयोगी पडते हें तरी पाहूं, असें ठरवून मदतीच्या योजनेचें रूपांतर त्यांनीं प्रयोगांत केलें. शिक्षणशास्त्राच्या इतिहासांतील हा बहुधा सर्वांत मोठा प्रयोग जन्मास आला तो असा तिजोरीच्या तुटींतून, आणि जन्मींचें हें वैगुण्य त्याला पुढें भोंवल्यावांचून राहिलें नाहीं.

प्रयोगाची रचना मात्र मोठी सुंदर होती. निरनिराळ्या विद्यापीठांस आणि संशोधनसंस्थांस सांगण्यांत आलें कीं, आपापली पद्धति घेऊन या. अशा वीसांहून अधिक पद्धति आल्या. १९६८ च्या आरंभीं गांवोगांवच्या शाळाधिकाऱ्यांपुढें या पद्धतींच्या पुरस्कर्त्यांनीं आपापली मांडणी केली, आणि ज्या गांवास जी पद्धति रुचली ती त्यानें पत्करली. एखाद्या स्वयंवरासारखाच हा प्रकार! पुढें सुमारें १८० गांवांत आणि वस्त्यांत हें काम पसरलें. बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांस एकाच पद्धतीनें शिकवावयाचें, आणि शेवटीं तशाच गरीब वस्तींतील इतर मुलांशीं त्यांची तुलना करावयाची, असा बेत होता.

पद्धति तरी किती परस्परविरुद्ध! न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजची मंडळी म्हणत कीं, मुलाचें मन, शरीर आणि भावना यांचा एकत्र विकास झाला म्हणजे अक्षरज्ञान आपसूक येतें. मॅसॅच्युसेट्समधील दुसरी एक संस्था इंग्लंडांतील मोकळ्या बालशाळांचा आदर्श पुढें ठेवी. फ्लॉरिडाच्या पंडितांनीं आयांनाच शिक्षिका बनविण्याचें मनावर घेतलें. आणि या सर्वांच्या विरुद्ध टोंकास झिगफ्रीड एंगलमन व वेस्ली बेकर हे दोघे होते. एंगलमन यांनीं तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेली, आणि पोटाचा धंदा जाहिरातींचा. ग्राहकाच्या डोक्यांत गोष्ट किती वेळां सांगितली म्हणजे भिनते, या विचारावरून ते मुलांच्या शिक्षणाकडे वळले. त्यांच्या पद्धतींत शिक्षिकेनें कोणतें वाक्य कोणत्या क्रमानें उच्चारावें हें छापून दिलेलें असे. तिनें खूण केली कीं पांचदहा मुलें एकदम उत्तर देत. वाचकांस येथें पंतोजींच्या शाळेंतील संध्याकाळचा परवचा आठवेल, आणि अमेरिकेंतील पुष्कळ शिक्षणतज्ज्ञांनींही असेंच नाक मुरडलें. भेद एवढाच, पण तो मोठा, कीं पंतोजींचा परवचा कोणी तपासून पाहिलेला नव्हता. येथें प्रत्येक पाठ आधीं मुलांवर करून पाहात, मुलें जेथें अडखळत तेथें दोष मुलांचा न मानतां पाठाचा मानीत, आणि तो पुन्हां लिहीत.

माहिती गोळा करण्याचें काम स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेनें केलें, आणि तिचा निष्कर्ष ॲब्ट असोसिएट्स या मंडळीनें १९७७ मध्यें प्रसिद्ध केला. वाचन, गणित, भाषा यांत एंगलमन-पद्धतीचीं मुलें पुढें होतीं. गरीब वस्तींतील मुलें एरवीं देशाच्या सरासरीहून पुष्कळच खालीं राहात. हीं मुलें कांहीं विषयांत सरासरीच्या आसपास येऊन पोंचलीं. विशेष आश्चर्य पुढेंच आहे. मुलांच्या आत्मविश्वासाचीही मोजणी केली होती, आणि तींतही याच मुलांचे आंकडे वरचे निघाले. ज्या पद्धतींनीं मुलाच्या भावनांस अग्रस्थान दिलें होतें त्यांतील कित्येकांचीं मुलें तुलनेच्या मुलांहूनही मागें पडलीं. ज्याला वाचतां येऊं लागलें त्याला स्वतःविषयीं बरें वाटूं लागतें, एवढाच याचा अर्थ आम्ही करतों.

पण अहवालांत दुसरेंही एक वाक्य होतें, आणि वादाचा सारा भर त्यावर पडला. एकाच पद्धतीच्या दोन गांवांतील फरक हा दोन पद्धतींमधील फरकाहून अधिक होता. १९७८ मध्यें अर्नेस्ट हाउस, जीन ग्लास आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू'मध्यें या निष्कर्षाची कसून चिकित्सा केली. गांवांनीं पद्धति स्वतः निवडल्या होत्या, चिठ्ठ्या टाकून नव्हे. तुलनेचीं मुलें खरोखर तुल्य नव्हतीं. आणि वापरलेल्या चांचण्या मूलभूत कौशल्यें शिकविणाऱ्या पद्धतींस आधींच अनुकूल होत्या, असे त्यांचे आक्षेप. आमच्या मतें यांतील पहिले दोन खरे आहेत, आणि ते तिजोरीच्या तुटींतून आलेल्या घाईचें फळ होत. तिसरा मात्र आम्हांस तितकासा पटत नाहीं. तिसरीच्या मुलाला वाचतां येतें कीं नाहीं हें विचारणें म्हणजे कोणाचा पक्षपात करणें नव्हे. त्याच्या बापाला विचारलें असतें तर त्यानेंही प्रथम हेंच विचारलें असतें.

सरकारनें पुढें काय केलें? जी पद्धति वर आली तिची ग्रँट वाढविली नाहीं, आणि जी खालीं गेली तिची बंद केली नाहीं. याचें कारण केवळ खात्याचा आळस नव्हे. प्रत्येक गांवांत पालकांची समिति होती, तिनें आपली पद्धति आवडीनें पत्करली होती, नोकऱ्या त्यावर चालल्या होत्या. त्यांना कोणत्या तोंडानें सांगावें कीं तुमची निवड चुकली? उलट इतर शाळांना आदर्श म्हणून ज्या शाळा दाखविण्यांत आल्या त्यांत सर्व प्रकारच्या पद्धतींच्या शाळा होत्या. ग्रँट वर्षानुवर्ष रोडावत गेली आणि १९९५ मध्यें योजना कायमची मिटली.

कल्पना मात्र मेली नाहीं. २००२ सालीं अमेरिकेनें शिक्षणसंशोधनासाठीं 'इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस' ही स्वतंत्र संस्था स्थापिली. २०१० पासून नवीन पद्धतींना ग्रँट देतांना जुन्या चुका टाळून नियम केला : ज्याच्याजवळ पुरावा भक्कम त्याला रक्कम मोठी, ज्याच्याजवळ नुसती आशा त्याला लहान, आणि तपासणी प्रत्येकाची, शक्य तेथें चिठ्ठ्या टाकून. अशा ६७ तपासण्यांचा आढावा २०१८ मध्यें निघाला. त्यांत ठरल्याप्रमाणें राबविल्या गेलेल्या आणि मुलांच्या अभ्यासावर चांगला परिणाम दाखविणाऱ्या निघाल्या १२. कित्येकांनीं हा पैसा फुकट गेला म्हणून ओरड केली. आम्हांस तसें वाटत नाहीं. औषधांच्या प्रयोगांतही बहुतेक औषधें टाकाऊच ठरतात. वाईट एवढेंच कीं शाळेंत टाकाऊ ठरलेलें औषध कोणी फेंकून देत नाहीं.

२०२५ च्या फेब्रुवारींत वॉशिंग्टनच्या नव्या सरकारनें या इन्स्टिट्यूटचे संशोधनाचे अनेक करार एकदम रद्द केले. त्यांतील कांहीं अभ्यास चालू होते, आणि त्यांतील मुलांची मोजणी अर्धवट राहिली.