औषध कोणाला लागू पडेल? : मंत्रचळाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, हा आजार जगात शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. 1960 च्या दशकाअखेरीस क्लोमिप्रामीन त्यावर लागू पडते असे दिसले. पुढे फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन अशी औषधे आली. तरी पहिल्या औषधाने चांगला गुण येतो तो साधारण निम्म्याच रुग्णांना. हे निम्मे कोण, हे आधी ओळखता येईल का, या प्रश्नातून हे अभ्यासक्षेत्र उभे राहिले.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात हा प्रश्न अधिक जवळचा ठरतो. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण या आजाराचे खास क्लिनिक चालवणारी निमहान्स संस्था दूर बंगळूरला. शिवाय औषधाची पारख करायला ते पुरेशा मात्रेत आठ ते बारा आठवडे घ्यावे लागते. ते लागू पडले नाही, तर दुसऱ्यासाठी पुन्हा तेवढेच थांबणे आले. रोजी बुडवून दवाखाना गाठणाऱ्याचे हे महिने वाचावेत, हाच या अभ्यासाचा हेतू.

वाचकांनी सुरुवात मोजमापापासून करावी. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या येल-ब्राऊन मापनश्रेणीत आजाराची तीव्रता 0 ते 40 अशी मोजतात. ती किमान 35 टक्क्यांनी घटली की औषध लागू पडले असे बहुधा मानतात. म्हणजे 28 वरून 18 वर आलेला रुग्णही यशात मोजला जातो, जरी त्याचा त्रास संपलेला नसतो. हे ध्यानात ठेवलेत, तर पुढचे आकडे तुम्हाला नीट वाचता येतील.

मग रुग्णाच्या हकिकतीकडे वळावे. लहान वयातली सुरुवात, उपचाराविना गेलेली वर्षे, वस्तू साठवण्याची ओढ, आपली भीती अवाजवी असल्याची अपुरी जाणीव, घरच्यांनीही आजाराचे नियम पाळणे, या गोष्टी असल्यास गुण कमी येतो असे अनेक अभ्यासांत आढळले. सर्वच अभ्यासांत मात्र नाही. मेंदूची चित्रे त्यानंतर पाहावीत. अमेरिकेतल्या 1998 च्या एका अभ्यासात डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूभागाची क्रियाशीलता कमी असलेल्यांना फ्लुओक्सेटीनचा, तर जास्त असलेल्यांना वर्तनोपचाराचा अधिक लाभ झाला. त्यातले रुग्ण थोडे होते, पण ‘कोणाला कोणता उपचार’ हा प्रश्न त्याने पुढे आणला. जनुकांचा शोधही चालू आहे. रोजच्या दवाखान्यात भरवसा ठेवावा अशी चाचणी अजून हाती आलेली नाही.

हे सारे अंदाज समूहाचे आहेत. त्यांवरून एखाद्या रुग्णाची आशा सोडू नये आणि डॉक्टरांना न विचारता औषधही सोडू नये. तुमच्या घरात कोणी या त्रासात असेल, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर आजच बोला. उपचाराविना जाणारी वर्षे कमी करणे आपल्या हाती आहे.