धुळीतला भागाकार

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार ही तीन कामं डोकं बाजूला ठेवून करता येतात. पाढे पाठ असले आणि हातचा विसरला नाही, की उत्तर येतं. भागाकाराचं तसं नाही. ७३६५ला २८ने भागायला बसा. ७३मध्ये २८ दोनदा जातात, ५६ वजा, १७ उरले, वरचा ६ खाली घेतला, झाले १७६. आता पुढे? २८चा पाढा कुणाला येतो? २८च्या जागी २० धरून बघू, म्हणजे आठ. पण २८ अठ्ठे २२४, फार झाले. सात? १९६, तरीही जास्त. सहा? १६८. बसले. शाळेतल्या चार क्रियांपैकी ही एकच अशी आहे, जिच्या कृतीत 'अंदाज करा' ही पायरी अधिकृतपणे येते.

आणि नेमकी तीच पायरी कुणी शिकवत नाही.

माझी भाची पाचवीत आहे. ताई आणि भावजी दोघंही उशिरा घरी येतात आणि मी त्यांच्याच सोसायटीत भाड्याने राहते, त्यामुळे संध्याकाळचा भागाकार माझ्या वाट्याला आलाय. तिचे पाढे चोख आहेत. वजाबाकीत ती क्वचितच चुकते. पण १७६पाशी आली की पेन्सिल हवेत थांबते. आठ लिहिते, खोडते. सात लिहिते, खोडते. तिसऱ्या वेळी कागद फाटतो. वहीत लाल शाईचा शेरा आहे : 'खाडाखोड टाळा.' ती टाळते, म्हणजे अंदाजच करत नाही, नुसती बसून राहते. मग दहा वर्षांचं माणूस एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या शांतपणे सांगतं, "मावशी, मला गणित येत नाही."

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमची निम्मी अवजारं चुकीचं लिहिलेलं सुखाने मागे घेता यावं म्हणून बनलेली आहेत. मग दहा वर्षांच्या मुलीने पहिलाच आकडा अचूक लिहावा, असं ठरलं कधी? या प्रश्नापायी मी भागाकाराच्या इतिहासात शिरले. तिथे जे सापडलं ते असं, की भागाकाराची मूळ रीत आणि खाडाखोड या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

आपल्याकडच्या जुन्या गणिताला 'पाटीगणित' म्हणत. पाटी म्हणजे फळी. फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, म्हणून याचंच दुसरं नाव धूलिकर्म. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) भागाकाराचा नियम जेमतेम एका श्लोकात उरकला आहे. भाज्याच्या डावीकडच्या टोकापासून सुरुवात करा, भाजकाला ज्या संख्येने गुणल्यावर तो वजा करता येईल ती संख्या म्हणजे उत्तराचा अंक. बस. ती संख्या कशी शोधायची, यावर अवाक्षर नाही. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात एक सोय मात्र सांगितली आहे : शक्य असेल तर दोघांना आधी एकाच संख्येने भागून लहान करा. उदाहरण १६२० भागिले १२. तिनाने छाटलं की ५४० भागिले ४, चाराने छाटलं की ४०५ भागिले ३. उत्तर १३५. म्हणजे अंदाज सोपा करण्याची युक्ती दिली, अंदाज चुकण्याची चर्चाच केली नाही. मला हे आधी खटकलं. मग लक्षात आलं की धुळीवर काम करणाऱ्याला त्या चर्चेची गरज नव्हती. चुकलं, पुसलं.

(चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८चा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तिथे धुळीत किती भागाकार पुसले गेले असतील, याची नोंद अर्थातच कुठेही नाही.)

धुळीवरचा भागाकार प्रत्यक्ष कसा चालायचा, हे मला सर्वांत स्पष्ट कळलं ते एका इराणी लेखकाकडून. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला गीलान प्रांत आहे. तिथल्या कुश्यार इब्न लब्बानने इसवी सन १०००च्या सुमाराला 'हिंदी हिशेबा'वर अरबीत एक छोटं पुस्तक लिहिलं. हिंदी म्हणजे हिंदुस्थानातला. त्यातलं उदाहरण ५६२५ भागिले २४३. धुळीत ५६२५ काढायचे, त्याखाली २४३ अशा बेताने की २४३मधला ३ हा ५६२५मधल्या २च्या खाली येईल. अंदाज दोन. तो सगळ्यांत वर लिहायचा. मग दोन दुणे चार, वरच्या पाचातून गेले, पाच पुसून एक. असं करत करत मधल्या ओळीत ७६५ उरतात. आता खालचे २४३ पुसून एक घर उजवीकडे सरकवायचे. अंदाज तीन. ७२९ गेले, उरले ३६. शेवटी फळीवर वर २३, मध्ये ३६, खाली २४३. म्हणजे उत्तर २३ पूर्णांक ३६ छेद २४३, जसंच्या तसं मांडलेलं. वेगळं लिहायची गरजच नाही.

आणि समजा, दुसऱ्या वेळी तीनऐवजी दोनच धरले असते? ७६५मधून ४८६ गेले, २७९ उरले. यात अजून एकदा २४३ मावतात. ते काढून टाकायचे, उरले ३६, आणि वरचा दोन पुसून तीन करायचा. काही वाया गेलं नाही, मागे जावं लागलं नाही. शाळेच्या वहीत हीच चूक झाली तर अख्खी ओळ खोडावी लागते.

हे वाचल्यावर एका रविवारी मी स्टीलच्या ताटात बारीक रवा पसरला. दसऱ्याला लहान मुलाचं बोट धरून तांदळात 'श्री' काढायला लावतात, तसंच. भाचीला कुश्यारची रीत दाखवली आणि मग ७३६५ भागिले २८ तिच्यावर सोडलं. तिने १७६पाशी बिनदिक्कत आठ काढला, वजा होईना, पुसला. सहा जमला. पुढे ८५मध्ये मुद्दाम दोनच धरून बघितले, २९ उरले, आणखी एकदा २८ काढले, दोनाचे तीन केले. एक उरला. पाऊण तासात तिने सात भागाकार केले आणि ताईचा अर्धा वाटी रवा जमिनीवर गेला. सातव्यानंतर ती ताटाकडे बघत म्हणाली, "पण मावशी, आपण कितीला भागलं होतं?"

ताटात २६३ होते, १ होता, २८ होते. ७३६५ कुठेच नव्हते.

"मग बाईंना काय दाखवायचं?"

माझ्या धंद्याच्या भाषेत ही 'इन-प्लेस' रीत. जुनी किंमत पुसून त्याच जागी नवी लिहायची. जागा कमी लागते, वेग चांगला असतो, पण काय काय घडलं याचा मागमूस राहत नाही. तिच्या बाईंना हवा असतो लॉग.

हाच पेच दमास्कसमध्ये कुणाला तरी हजार वर्षांपूर्वी पडला होता. त्याचं नाव अल्-उक्लिदिसी. ९५२च्या सुमाराला लिहिलेल्या पुस्तकात त्याने हिंदुस्थानी रीती धुळीवरून उचलून शाई-कागदावर आणल्या. एक कारण त्याने मोकळेपणाने सांगितलंय : धुळीची फळी रस्त्यावर बसणाऱ्या ज्योतिष्यांच्या हातात दिसते, भल्या माणसाला ती घेऊन बसणं शोभत नाही. गणिताच्या इतिहासातली एक मोठी सुधारणा थोडीफार 'लोक काय म्हणतील' यातून झाली, याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. पण कागदावर आल्याबरोबर प्रश्न उभा राहिला. शाई पुसता येत नाही. मग आकडे न पुसता काम कसं करायचं, यासाठी त्याला रीतच बदलत जावी लागली.

इथे जरा आडवाटेने जाते. आपल्या पाठ्यपुस्तकातलं सूत्र आठवा : भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. पहिले तीन शब्द संस्कृत वळणाचे, चौथा अरबी. 'वजाबाकी'तला 'वजा'ही अरबी, 'हिशेब'ही अरबी. हे शब्द मराठीत उक्लिदिसीच्या पुस्तकातून नाही आले, फारसीमार्गे महसुलाच्या दप्तरांतून आले. वसूल किती, बाकी किती. रीत पश्चिमेला गेली आणि तिथला शब्द वेगळ्या दाराने घरात आला, आणि दोघांची गाठ पाचवीच्या पुस्तकात एका ओळीत पडते. भाचीला हे सांगितलं, तिला काडीचंही अप्रूप वाटलं नाही.

युरोपात ही रीत पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी सोपा तोडगा काढला : पुसायच्या ऐवजी काट मारायची. १४७८मध्ये इटलीत ट्रेव्हिसो इथे छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात हाच भागाकार आहे. तारीख असलेलं, युरोपातलं हे सर्वांत जुनं ज्ञात छापील अंकगणित. काट मारलेल्या आकड्यांच्या वर-खाली नवे आकडे रचत गेलं की शेवटी शिडं उभारलेल्या गलबतासारखा आकार होतो, म्हणून या रीतीचं नावच गलबत. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या एका साधूच्या हस्तलिखितात तर भागाकार संपल्यावर त्याभोवती खरोखरचं जहाज चितारलेलं आहे. खाडाखोडीचं चित्र करून मिरवणारी ही माणसं मला फार आवडली.

आपण आज शिकतो ती शेपटीवाली रीत छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसते १४९१मध्ये, फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो कालांद्रीकडे. इटालियन भाषेत तिला 'आ दांदा' म्हणत. 'दारे' म्हणजे देणे. उरलेल्या बाकीला वरचा पुढचा अंक 'द्यायचा'. आपण 'खाली घेतो', ते देत. लुका पाचोलीने १४९४च्या आपल्या ग्रंथात दोन्ही रीती दिल्या आहेत. गलबत लगेच बुडालं नाही. सतराव्या शतकातही ते जोरात होतं, कारण त्यात आकडे कमी लिहावे लागतात. तरी शेवटी शेपटीच जिंकली. माझ्या मते त्याचं कारण करणाऱ्याच्या सोयीत नसून बघणाऱ्याच्या सोयीत आहे. शेपटीत काहीच झाकलं जात नाही. गुणाकार दिसतो, वजाबाकी दिसते, कुठे घसरलात ते मास्तर दोन सेकंदांत दाखवतो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यालाही काट मारलेल्या आकड्यांपेक्षा हे बरं पडलं असणार.

किंमत एकच मोजावी लागली. चुकलेला अंदाज आता सगळ्यांना दिसतो.

आपल्याकडे ही किंमत बरीच उशिरा वसूल झाली. पंतोजींच्या शाळेत मुलं धुळीत अक्षरं गिरवत. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथला. शान्ता शेळक्यांच्या आत्मपर पुस्तकाचं नाव 'धूळपाटी' आहे. मग दगडी पाटी आली, पण तिच्यावरही मनगटाने किंवा ओल्या फडक्याने आकडा क्षणात जाई. माझी आई पाटीवर भागाकार शिकली. तिला विचारलं, चुकल्यावर काय करायचात? तिला प्रश्नच कळला नाही. "पुसायचो की!" पाटी गेली, वही आली, आणि खोडरबर नावाची अपुरी धूळ हातात आली.

आता यंत्राकडे येते, कारण माझं घर त्याच्यावर चालतं. प्रोसेसर भागाकार कसा करतो? बराचसा माझ्या भाचीसारखाच. १९५८च्या आसपास स्वीनी, रॉबर्टसन आणि टोखर या तिघांना स्वतंत्रपणे सुचलेली एक रीत आहे. यंत्र बाकीचे आणि भाजकाचे सुरुवातीचे थोडेच अंक बघतं आणि एका तक्त्यातून उत्तराचा पुढचा अंक उचलतं. म्हणजे अंदाजच करतं. तो थोडा जास्त निघाला तरी ते मागे जात नाही. पुढचा अंक ऋण घेऊन भरपाई करतं. १९९४मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये या तक्त्याच्या १०६६ घरांपैकी पाच घरांत २च्या जागी शून्य पडलं होतं. एवढा मोठा चुकलेला अंदाज भरपाईने सावरत नाही. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं की १.३३३८२च्या जागी १.३३३७४ यायचं. थॉमस नाइसली हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करत होते, त्यांच्या हे लक्षात आलं. इंटेलला यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला.

ऋण अंकांची ती भरपाई मी भाचीला करून दाखवली. १७६मध्ये २८ सात वेळा घातले. १९६ झाले, म्हणजे २० जास्त दिले. खोडायचं नाही. 'वीस येणं' असं लिहून ठेवायचं. पुढचा ५ खाली घ्यायचा. येणं वीस दशक, म्हणजे २००, त्यातून हे ५ वळते केले, राहिले १९५. त्यासाठी २८चे सात हप्ते परत मागायचे, १९६ आले, एक जास्तीचा हाती राहिला. उत्तर : २०० अधिक ७० उणे ७, म्हणजे २६३, बाकी १.

तिने दोनदा तपासलं. मग विचारलं, "हे परीक्षेत चालेल?"

चालणार नाही, असं मी सांगितलं. आता तिच्या गणिताच्या वहीला दोन तोंडं आहेत. पुढच्या बाजूने बाईंसाठीचा भागाकार, शेपटी सरळ, एकही काट नाही. शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने आठ, सात, सहा, येणं, देणं, काट्या, बाण आणि एका कोपऱ्यात एक गलबत. दोन्ही बाजू वहीच्या मध्यापर्यंत आल्या आहेत आणि ताई नवी वही आणायला सांगत होती.