कॅरिक्लोची कडी : वेध आणि पुनर्रचना

शनी व युरेनस यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्यप्रदक्षिणा करणारा कॅरिक्लो हा लघुग्रह १९९७ साली जेम्स स्कॉटी यांना आढळला. ग्रीक पुराणकथांतील कायरन या नरतुरंगाच्या पत्नीचे नाव त्यास देण्यात आले. त्याचा व्यास अवघा २५० किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या लहान गोलाभोवती कडी असतील, अशी अपेक्षा नव्हती.

३ जून २०१३ रोजी कॅरिक्लो एका ताऱ्यासमोरून गेला. फेलिपे ब्रागा-रिबास व त्यांचे सहकारी यांनी दक्षिण अमेरिकेतील अनेक ठिकाणांहून या पिधानाचे वेध घेतले. मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर ताऱ्याचे तेज क्षणमात्र मंदावले. चिलीतील ला सिला येथील डॅनिश दुर्बिणीच्या नोंदींत ही घट दुहेरी असल्याचे दिसून आले. त्यावरून सुमारे ३९१ व ४०५ किलोमीटर त्रिज्यांची दोन अरुंद कडी निश्चित झाली. युरेनसची कडीही १९७७ साली याच पद्धतीने उघडकीस आली होती. या शोधामुळे एक जुने कोडेही उलगडले. १९९७ नंतर कॅरिक्लोचे तेज उणावत गेले होते व वर्णपटातील बर्फाची खूण लोपली होती. २००८ च्या सुमारास ही कडी पृथ्वीवरून केवळ धारेने दिसत होती, हे त्याचे कारण होय.

मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिटर’सारख्या अवकाशउड्डाणाच्या संगणकीय प्रतिरूपात हौशी अभ्यासकांना असे नवे गोल घालता येतात. कक्षा व कड्यांच्या त्रिज्या वेधांतून मिळतात. परंतु कॅरिक्लोजवळ एकही यान गेलेले नसल्याने त्याची विवरे कल्पनेनेच रेखाटावी लागतात. वस्तुमानही अनुमानित असल्याने तेथे यानाला जाणवणारी ओढ गृहीतावरच उभी असते. पडद्यावर मात्र मोजलेले आणि कल्पिलेले सारख्याच ठामपणे प्रकटते.

तौलनिक भाषाशास्त्राला ही अडचण परिचित आहे. लेखी पुरावा नसलेल्या रूपापूर्वी तारकाचिन्ह देण्याचा प्रघात ऑगस्ट श्लायखर यांनी रूढ केला. तथापि त्यांनीच १८६८ साली पुनर्रचित मूळ भाषेत एक संपूर्ण बोधकथा लिहिली. ध्वनिविचार प्रगत होताच पुढील अभ्यासकांना ती पुनःपुन्हा नव्याने लिहावी लागली. म्हणून ती कथा निरर्थक ठरली नाही. प्रत्येक पिढीचे ज्ञान कोठवर पोचले होते, याची ती नोंद ठरली. २०२२ साली वेब दुर्बिणीनेही कॅरिक्लोच्या कड्यांचे पिधान टिपले. प्रत्येक नव्या वेधाबरोबर त्याच्या प्रतिरूपातही दुरुस्ती करावी लागेल. ती डोळसपणे व्हावयाची असेल, तर त्यातील कोणता अंश वेधसिद्ध व कोणता तारकांकित, याची नोंद आरंभापासूनच ठेवणे अगत्याचे आहे.