कोरडे मीठ, ओले मीठ : वीज कशातून वाहते?

पदार्थातून वीज वाहण्यासाठी त्यात विद्युतभार वाहून नेणारे मोकळे कण असावे लागतात. धातूंमध्ये हे काम इलेक्ट्रॉन करतात, तर द्रावणात आयन. म्हणूनच एकच पदार्थ कोरडा असताना विद्युतरोधक आणि पाण्यात विरघळल्यावर विद्युतवाहक ठरू शकतो.

दादरा व नगर हवेलीतील तांबे उद्योगात हा भेद एकाच टाकीत दिसतो. स्टरलाइट कॉपरच्या सिल्वासा येथील प्रकल्पात तांब्याचे शुद्धीकरण होते. या पद्धतीत अशुद्ध तांब्याचे जाड पत्रे धनाग्र म्हणून मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात टांगतात. धनाग्रातील तांबे आयनरूपाने द्रावणात उतरते आणि ऋणाग्रावर शुद्ध होऊन साचते. पत्र्यांतून वीज इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणातून आयन. मोरचुदाच्या कोरड्या निळ्या खड्यांतही आयन असतातच; परंतु ते स्फटिकात जखडलेले असल्याने वीज वाहत नाही.

मिठाचेही तसेच. 801 अंश सेल्सिअसला ते वितळले किंवा पाण्यात विरघळले, की आयन मोकळे होतात. साखर मात्र विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात. त्यामुळे तिच्यामुळे पाण्याची वाहकता वाढत नाही. आयनांमध्ये होणाऱ्या या विभाजनाचा सिद्धांत मांडणाऱ्या स्वान्ते अऱ्हेनियस यांना 1903 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अतिशुद्ध पाणी विजेचे अत्यंत क्षीण वाहक आहे. नदी, विहीर व नळाच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात. ओल्या हाताने बटणाला स्पर्श करणे धोक्याचे ठरते, ते त्यामुळेच.

अथालसारख्या दमणगंगेकाठच्या गावातही हे ज्ञान घराच्या अंगणात उपयोगी पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात धातूच्या पट्टीभोवती किंवा नळीभोवती मीठ व कोळसा घालण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात मीठ विरघळून ओल्या मातीत आयन पसरतात आणि गळती झालेल्या विजेला जमिनीत जाण्यास वाट मिळते. उन्हाळ्यात माती सुकली, की तेच मीठ पुन्हा निरुपयोगी खडे होते आणि खड्ड्याचा विद्युतरोध वाढतो. अशा वेळी पंपाच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर फ्यूज उडेलच याची खात्री नसते. आवरणाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीकडे जाते.

म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे. मीठ दर पावसाळ्यात थोडे वाहून जाते आणि धातूला गंजही चढवते. त्यामुळे परवानाधारक तंत्रज्ञाकडून विद्युतरोध ठरावीक काळाने मोजून घ्यावा. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस 3043 हे आहे. जोडीला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवल्यास, गळती होताच वीजपुरवठा आपोआप तुटतो. मात्र आरसीसीबी हा अर्थिंगला पर्याय नव्हे.