मांसाचा चिवटपणा आणि गोठ्याचा इतिहास

मंडळी, मढमध्ये बोलायचं तर सुरुवात मासळीपासून करणं बरं. बोंबील तव्यावर टाकला की काही मिनिटांत होतो. म्हशीचं मांस मात्र तास-दोन तास रटरटत ठेवावं लागतं. प्रथिनं दोन्हींत आहेत, मग हा फरक का? आमच्या मते निम्मं उत्तर जीवशास्त्रात आहे, निम्मं इतिहासात.

स्नायूंचे धागे बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. माशात ते थोडं आणि नाजूक असतं. गुराढोरांत वय वाढतं तसे त्याच्या तंतूंमधले आडवे बंध पक्के होत जातात. मग ते शिजवूनही सहज विरघळत नाही. म्हाताऱ्या जनावराचं मांस चिवट लागतं ते यामुळे.

आता इतिहास. युरोप-अमेरिकेत खास मांसासाठी गुरं पोसली गेली. आपल्याकडे बैल नांगराला, म्हैस दुधाला. मांस हा शेवटचा हिशेब. इथून जवळच, गोरेगावला, 1949 साली आरे दूध वसाहत झाली, शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी. दुधाच्या धंद्यात नर रेडकू म्हणजे दुधाला वाटेकरी, म्हणून नकोसं. ज्याचं मांस कोवळं मिळालं असतं, त्याला नीट पोसलंच जात नसे. कसायाकडे जाई ती आटलेली म्हैस.

पुढे कायदे आले. 1976 च्या कायद्याने राज्यात गोहत्या बंद झाली, 2015 पासून बैल आणि वळूही. उरली म्हैस आणि रेडा. आज मुंबईत ज्याला बीफ म्हणतात, ते कायद्याने त्यांचंच.

आणखी एक गोष्ट. लांबच्या प्रवासात उपाशी, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतला ग्लायकोजेन संपून जातो. मग कापल्यावर पुरेसं लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. एरवी मांसाचा सामू साडेपाचच्या आसपास उतरतो, तो इथे सहाच्या वर राहतो. मांस काळपट पडतं, लवकर नासतं. म्हणजे शेवटच्या दिवसाचे हालसुद्धा त्यात उतरतात.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एवढंच म्हणतो: जनावर मारावं की नाही, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. ते जगलं कसं, हे फारसं विचारलं नाही. खाणाऱ्यानेही नाही, न खाणाऱ्यानेही नाही. आणि दूध तर दोघांच्याही घरी येतं.