रोवणीने वसवलेला मुलूख

वैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत, रान मोडून गावे वसली ती तलावांच्या आधाराने. तलाव बांधणाऱ्याला गोंड राजांनी त्याखालची जमीन दिली आणि कोहळी या शेतकरी जातीची कुटुंबे इथे रुजली, असे परंपरा सांगते. नवेगाव बांधच्या तलावाशी कोलू पाटलाचे नाव जोडले जाते. 1916 साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर ग्रंथ लिहिणाऱ्या रसेल यांनीही कोहळ्यांच्या तलावांची दखल घेतली. नावे मात्र सगळी पुरुषांची. मला वाटते, नवी वस्ती टिकणार की उठणार, हे त्यांच्या बायकांच्या श्रमावर तेवढेच अवलंबून होते. तलाव भरला तरी धान आपोआप उगवत नाही. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे उपटायची, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवायची, निंदायचे, आणि झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, ही कामे प्रामुख्याने बायकांची. रोवणी लांबली की तलावाखालची बांधीही (धानाचे शेत) घर पोसत नाही.

उतार हेरून तलावाची पाळ घालण्याचे कसब पुरुषांचे, म्हणून श्रेय त्यांचे, असे कोणी म्हणेल. कसब थोरच! पण पाळ एकदा बांधून वरचेवर दुरुस्त करायची; रोवणी दरसाल, लेकरू धुऱ्यावर निजवून. कागदात बायकांच्या श्रमाचा पुरावा नाही, हा आक्षेपही टिकत नाही, कारण महसुली कागद मालगुजार (सारा भरणारा गावमालक) आणि सारा शोधत होते, राबणारे हात नव्हे. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तरी तलाव अजून ‘मालगुजारी’च म्हणवतात; नावातही राबणारे हात नाहीतच. आणखी एक गोष्ट सोडता येणार नाही: कोहळी येण्यापूर्वी हे रान ओसाड नव्हते. मोहफुले वेचून संसार चालवणाऱ्या गोंड बाया तिथे आधीपासून होत्या.